मांजरसुंब्याच्या चौकात कसली आलीय स्मार्ट सुरक्षा?

"स्मार्ट सिटी पुण्या-सोलापूरला, आपल्याला काय त्याचं?" बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्यात हे कुणीही म्हणेल. धुळे-सोलापूर महामार्ग (क्रमांक 52) इथूनच जातो, पाटोद्याहून केजकडे जाणारी वाहतूकही इथंच त्याला येऊन भिडते. पण 2015च्या स्मार्ट सिटी योजनेत बीड जिल्ह्यातलं एकही शहर नव्हतं. तरी हा समज अर्धाच खरा. अपघातांची नोंद ठेवणारी केंद्राची 'आयरॅड' प्रणाली शहर-खेडं असा भेद करत नाही. ती आधी ज्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता.

गैरसमज : माहिती गोळा करायची म्हणजे कॅमेरे बसवायचे.
वस्तुस्थिती : आयरॅडची माहिती भरतो तो पोलीस, मोबाईलवर. घटनास्थळी उभं राहून जागा, फोटो आणि वाहनांचा तपशील नोंदवायचा असतो. हेच काम ठाण्यात बसून उरकलं आणि मोबाईलनं टिपलेली जागा दुरुस्त केली नाही, तर घाटातला अपघात नकाशावर ठाण्याच्या दारात दिसणार! मग इंजिनिअर वळण सुधारणार कुठलं?

गैरसमज : 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे बाधलेली जागा, नाहीतर दोष ड्रायव्हरचाच.
वस्तुस्थिती : त्याचं सरळ गणित आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. एकाच जागी वेगवेगळे ड्रायव्हर चुकत असतील, तर उतार, वळण, उजेड, दुभाजकातली फट हे तपासायलाच हवं. मला खटकतं ते वेगळंच : रोज दुचाक्या घसरतात, पण गंभीर जखमी कुणी होत नाही, ती जागा या गणितात येतच नाही.

गैरसमज : आपत्कालीन क्रमांक 112 लावला की जवळच्या ठाण्यात फोन वाजतो.
वस्तुस्थिती : फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून जिल्ह्यातल्या गाडीला निरोप मिळतो. तिकडच्या माणसाला नुसतं "फाट्यावर" सांगून काय कळणार? "मांजरसुंबा घाट, बीडकडे उतरताना" असं सांगावं.

आणि जखमीला उचललं तर पोलीस मागे लागतात, ही भीती? मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 134-अ खालच्या नियमांनुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.