शाळेत न पोचलेली मातृभाषा

नेदरलँडमधल्या बहुतेक मोरोक्कन कुटुंबांचं मूळ मोरोक्कोच्या उत्तरेकडच्या रिफ या डोंगराळ मुलखात आहे. तिथली बोली तारिफित, बर्बर भाषाकुळातली. ‘बर्बर’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. मराठीत तर त्याचा अर्थच रानटी असा होतो. हे लोक स्वतःला इमाझिगेन म्हणवतात आणि त्यांना त्याच नावानं ओळखणं योग्य. १९६९ साली दोन्ही देशांत कामगारभरतीचा करार झाला आणि रिफमधल्या नादोर, अल होसैमा भागातले पुरुष डच कारखान्यांत कामाला लागले. १९७३च्या तेलसंकटानंतर भरती आटली, पण मागाहून बायका-मुलं येत राहिली. तारिफित अशी रॉटरडॅम, उट्रेख्टच्या वस्त्यांत पोचली.

या घरांतल्या मुलांच्या कानावर दोनच भाषा पडतात असं नाही. आई-आजी तारिफित बोलतात, शाळेत डच, मशिदीतल्या वर्गात कुराणाची अरबी, आणि शेजारच्या मोरोक्कन घरातून बोली अरबी. डच शाळांत सत्तरच्या दशकापासून स्थलांतरितांच्या मुलांना ‘स्वतःची भाषा’ शिकवण्याची सोय होती. मोरोक्कन मुलांच्या वाट्याला आली ती प्रमाण अरबी. रिफी मुलासाठी ती आईची भाषा नव्हती, आजीचीही नव्हती, जवळजवळ परकीच. २००४मध्ये ही सोयही बंद झाली. खुद्द मोरोक्कोत इमाझिगेन भाषा शाळेत शिकवायला २००३मध्ये सुरुवात झाली आणि तिला राजभाषेचा दर्जा मिळाला तो २०११च्या राज्यघटनेनं. त्याआधी तिकडून आलेल्या पालकांनी आपली भाषा पाठ्यपुस्तकात कधी पाहिलीच नव्हती. जी भाषा शाळेत नाही, ती मुलांना शिकवण्याजोगी नाही, असा समज अशा परिस्थितीत सहज रुजतो.

म्हणून तारिफित टिकवण्याचा सगळा भार घरावर पडतो, आणि घरातही प्रामुख्यानं आईवर. पहिलं मूल शाळेत जाईपर्यंत तिच्याशी तारिफितच बोलतं. ते शाळेतून डच घेऊन येतं आणि धाकट्या भावंडांशी त्याच भाषेत खेळतं. मग धाकट्यांना तारिफित कळते, पण बोलताना अडखळायला होतं. आई तारिफितमध्ये विचारते, मूल डचमध्ये उत्तर देतं. दोन्ही भाषा एकाच वाक्यातही येतात: डच क्रियापद तसंच ठेवून त्याला तारिफितमधलं ‘करणे’ अशा अर्थाचं क्रियापद जोडायचं. मराठीत ‘कॅन्सल करणे’ म्हणतात, त्याच जातीची ही घडण. तिला भाषेची मोडतोड समजणं चूक आहे. मुलाला दोन्ही व्याकरणांची जाण असल्याशिवाय असं बोलताच येत नाही.

‘मुलाशी घरी डचच बोला’ हा सल्ला स्थलांतरित पालकांना वर्षानुवर्षं मिळत आला आहे. तो हिताचा नाही. आईला डच अर्धवट येत असेल, तर मुलाला ऐकायला मिळते ती तोकडी, चार कामांपुरती डच. गोष्ट रंगवून सांगणं, कारणं समजावणं, प्रश्नांना सविस्तर उत्तरं देणं हे तिला तारिफितमध्येच जमतं, आणि तिथे पक्की झालेली समज मुलाला डच शिकतानाही उपयोगी पडते. भाषाशास्त्रज्ञ अनिक द हाउवर यांनी २००७मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या सुमारे १,९०० द्विभाषिक कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांत मुलं घरची अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हती. दोन्ही पालक घरात फक्त तीच भाषा बोलत, तिथे मात्र ती जवळपास प्रत्येक वेळी मुलांपर्यंत पोचली होती.

घराबाहेर मोठी मदत होते ती उन्हाळ्याच्या सुट्टीची. स्पेनमार्गे गाडीनं, मग बोटीनं नादोरला पोचलेल्या मुलाला आजोळी डच उपयोगाची नसते. भूक लागली की पाव म्हणजे ‘अघ्रुम’, पाणी म्हणजे ‘अमान’ म्हणावंच लागतं. लिहिण्याचं म्हणाल, तर मोरोक्कोच्या शालेय पुस्तकांत ही भाषा तिफिनाघ लिपीत असते, पण युरोपात वाढलेली मुलं फोनवरचे निरोप शाळेत शिकलेल्या रोमन अक्षरांतच लिहितात.