स्नायूंना मिळालेली दुसरी वाट

‘घरात साखर-गूळ बंद आहे, गोळ्याही वेळेवर चालू आहेत, तरी रक्तातील साखर उतरत का नाही?’ हा प्रश्न मधुमेही रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. रुग्ण चोरून गोड खात असावा, असा संशयही त्यामागे पुष्कळदा असतो. परंतु दोष दरवेळी जिभेचा नसतो. अनेकदा तो स्नायूंमधील बिघाडाचा असतो. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांनाच उपयोगी पडेल, म्हणून त्याची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

हाडांना जोडलेले स्नायू हे ग्लुकोजचे फार मोठे कोठार आहे. इन्सुलिनची पातळी उंच ठेवून निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगांत, शोषल्या गेलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के स्नायूंनी घेतल्याचे आढळले आहे. मात्र या कोठाराचे दार आपोआप उघडत नाही. ते काम विकरांची, म्हणजेच एन्झाइमांची, एक साखळी करते.

स्वादुपिंडातून आलेले इन्सुलिन स्नायुपेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राही प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन स्वतःच एक विकर आहे. ते जागे झाले की पीआय-३ कायनेज व एकेटी ही विकरे क्रमाने कार्यरत होतात आणि पेशीच्या आत राखून ठेवलेली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात. त्यांच्यामार्फत ग्लुकोज आत शिरते. हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेटची जोड देऊन आतच रोखून धरते, आणि ग्लायकोजेन सिंथेज हे विकर त्याचा साठा करण्यास साहाय्य करते.

स्नायुपेशीत मेदाचे घटक प्रमाणाबाहेर साचले, तर वेगळीच विकरे चेतवली जाऊन ही साखळी मध्येच खुंटते. इन्सुलिन दाराशी येते, पण त्याची हाक आत पोहोचत नाही. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्नायूंमध्ये ग्लायकोजेन तयार होण्याचा वेग निरोगी व्यक्तींच्या निम्म्याहूनही कमी असतो.

आपला रुग्ण सडपातळ असला, तरी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते.

या सर्वांत एक मोठी आशेची गोष्ट आहे. स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लूट-४ प्रथिने इन्सुलिनच्या हाकेवाचूनही पृष्ठभागावर येतात. एएमपीके हे विकर आणि पेशीतील कॅल्शियम यांचा या कामी सहभाग असतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पहिली वाट अडलेली असली, तरी ही दुसरी वाट बहुधा शाबूत राहते. शिवाय व्यायामानंतर काही तास, कधी दोन दिवसांपर्यंत, स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे व सलग दोन दिवस खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णांनी, तसेच हृदयविकार किंवा पायाला जखम असलेल्यांनी, आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

आजारी माणसाला काम पडू नये, ही आपल्या घरांतील माया आहे. पण मधुमेह्याला बसवून ठेवण्यात त्याचे हित नाही. दात्यांच्या उदार हातांमुळे गरजू रुग्णाला औषध देता येते, तपासणी करता येते. त्याच्यासोबत रोज अर्धा तास चालण्याचे दान मात्र त्याच्या घरच्यांनीच द्यावयाचे आहे.