मुन्नार : लावलेलं हिरवं, उगवलेलं हिरवं

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे मीटर उंचीवर मुथिरापुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्या एकत्र येतात. त्या संगमावर मुन्नार वसले आहे. गाव तसे लहान आणि गजबजलेले. एक बाजारपेठ, नदीवरचे पूल, भोवतालच्या टेकड्यांवर मंदिर, मशीद आणि चर्च. बाजारातून कोणताही रस्ता धरला तरी थोड्याच वेळात चहाचे मळे सुरू होतात. उतारामागून उतार कापून-छाटून एकसारखा केलेला. हे दृश्य डोळ्यांत भरून घ्यावे असेच आहे, पण मुन्नार तेवढ्यावर संपत नाही. या डोंगरांवर दोन हिरवे रंग आहेत. एक माणसाने लावलेला, जेमतेम दीडशे वर्षांचा. दुसरा आपोआप उगवलेला आणि फार फार जुना. दोन्ही पाहिले तरच मुन्नार पाहिले म्हणायचे.

मळ्यांचा जन्म

१८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने पूंजारच्या राजघराण्याकडून हा डोंगराळ मुलूख भाडेपट्ट्याने घेतला. सुरुवातीला कॉफी, सिंकोना, घायपात अशी पिके करून पाहिली गेली. १८८० मध्ये ए. एच. शार्प यांनी पार्वती मळ्यात पन्नासेक एकरांवर चहा लावला आणि या मातीला मानवणारे पीक सापडले. १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी स्थापन झाली. पुढे १९६४ मध्ये टाटा-फिनले भागीदारीतून टाटा समूह इथे आला आणि २००५ मध्ये बहुतांश मळे कामगारांचीच भागीदारी असलेल्या नव्या कंपनीकडे गेले.

डोंगरावरचा चहा बंदरापर्यंत न्यायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. १९०२ मध्ये कुंडला खोऱ्यात बैलांनी ओढायची एकरुळी गाडी सुरू झाली. १९०८ मध्ये तिची जागा दोन फुटी रुळांवरच्या वाफेच्या आगगाडीने घेतली. ही गाडी टॉप स्टेशनपर्यंत जाई. तिथून चहाच्या पेट्या रोपवेने तमिळनाडूच्या बाजूला कोट्टगुडीला उतरत आणि बोडिनायकनूरमार्गे पुढे बंदराकडे जात. १९२४ च्या जुलैमधल्या महापुराने ही रेल्वे उद्ध्वस्त केली आणि ती पुन्हा कधीच उभी राहिली नाही. मुन्नारच्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत आज चहा कंपनीचे कार्यालय आहे. टॉप स्टेशनला मात्र अवश्य जावे. सकाळी ढग नसतील तर तमिळनाडूच्या मैदानापर्यंत नजर पोहोचते.

नल्लतण्णीच्या चहा संग्रहालयात हा सारा इतिहास मांडलेला आहे. जुनी यंत्रे, छायाचित्रे, १९१३ सालचे सूर्यघड्याळ. चहा कसा तयार होतो तेही तिथे पाहता येते. ओली पाने आधी हवेवर सुकवून मऊ करायची, मग यंत्रात चिरडून, फाडून त्यांचे दाणे वळायचे. हवेचा स्पर्श होताच पाने तांबूस होतात आणि गरम भट्टीत वाळली की काळी. महाराष्ट्रात दूध-आल्यात उकळतो तो दाणेदार चहा याच ‘सीटीसी’, म्हणजे चिरडणे-फाडणे-वळणे, पद्धतीचा. अख्ख्या वळलेल्या पानांचा जुन्या पद्धतीचा चहा पाहायचा असेल, तर सूर्यनेल्लीहून जीपने कोळुक्कुमलैला जावे. हा मळा तमिळनाडूच्या हद्दीत, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. सूर्योदय पाहायला जायची तिथली वाट प्रचंड खडबडीत आहे, हे ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

उतारावरची माणसे

चहाचे झुडूप मोकळे सोडले तर त्याचा वृक्ष होतो. कमरेएवढी उंची टिकते ती सततच्या छाटणीमुळे आणि खुडणीमुळे. हे काम मुख्यतः बायका करतात. पाठीवर पोते, पायांत गमबूट, हातात कात्री, आणि उभा चढ. ठरलेल्या वजनाच्या वर जितका पाला भरेल तितके जादा पैसे. यांतल्या बहुतेकींचे पणजी-पणजोबा तमिळ मुलखातून मजुरीला आणले गेले होते. म्हणूनच केरळात असूनही मळ्यांत तमिळ ऐकू येते, जानेवारीत पोंगल साजरा होतो. ही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ‘लायम’मध्ये, म्हणजे कंपनीने बांधलेल्या चाळींत राहतात. काम सुटले की घरही सुटते.

सप्टेंबर २०१५ मध्ये याच बायकांनी मुन्नारचा रस्ता अडवला. बोनस १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला होता. प्रस्थापित कामगार संघटनांना दूर ठेवून हजारो जणी ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकजूट, या नावाखाली एकत्र आल्या आणि आठवडाभराहून अधिक काळ ठाण मांडून बसल्या. अखेर बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्क्यांवर तडजोड झाली. पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, राजमलेजवळच्या पेट्टिमुडी वस्तीतल्या लायमवर दरड कोसळली आणि ७० जणांचा जीव गेला. मळ्याच्या कडेला गाडी थांबवून छायाचित्र काढणाऱ्याला हे ठाऊक असायला हवे. एवढे देखणे उतार कुणाच्या तरी कष्टाने देखणे राहिले आहेत.

एरविकुलम आणि शोला

मळ्यांच्या वरच्या अंगाला दुसरा हिरवा रंग सुरू होतो. डोंगरमाथ्यांवर उघडी गवताळ कुरणे आणि घड्यांमध्ये, ओढ्यांच्या काठाने, बुटक्या झाडांची दाट राई. या रायांना शोला म्हणतात. गवत आणि शोला मिळून पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात आणि वर्षभर हळूहळू सोडतात. खालच्या नद्या, धरणे, शेती आणि चहाचे मळेही त्यावर जगतात. मुथिरापुळेच्या पाण्यावर १९४० मध्ये पल्लीवासलचा वीजप्रकल्प उभा राहिला. तो केरळमधला पहिला जलविद्युत प्रकल्प.

हे जुने मुन्नार पाहायचे ठिकाण म्हणजे ९७ चौरस किलोमीटरचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान. मळेवाल्यांनी हे रान शिकारीसाठी राखले होते. १९७१ च्या कायद्याने राज्याने ते परत घेतले, १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांची सर्वांत मोठी शिल्लक संख्या इथे आहे. उद्यानातल्या राजमलेच्या रस्त्यावर हे प्राणी अगदी जवळून दिसतात. त्यांना खाऊ घालू नये आणि त्यांच्या मागे धावू नये. याच उद्यानात २,६९५ मीटर उंचीचा आनमुडी आहे, हिमालयाच्या दक्षिणेकडचे भारतातले सर्वोच्च शिखर. आपल्या कळसूबाईहून तो हजार मीटरने उंच आहे, पण डोंगररांग तीच. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा एरविकुलम आणि आपले कास पठार ही एकाच यादीतली नावे होती.

हे नाते फुलांतही दिसते. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी आपल्या ओळखीची आहे. तिची सख्खी बहीण नीलकुरिंजी मुन्नारच्या कुरणांवर बारा वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. २००६ आणि २०१८ मध्ये ती बहरली होती. २०१८ च्या बहरावर केरळच्या महापुराचे सावट होते. पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. इथल्या डोंगरांत राहणारे मुथुवन आदिवासी पूर्वापार या फुलोऱ्यांवरून काळ मोजत आले आहेत.

घाटापलीकडे

मुन्नारहून सुमारे चाळीस किलोमीटरवर मरयूर लागते आणि हवाच बदलते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. नैसर्गिक चंदनाचे वन, महापाषाणयुगातल्या दगडी शवपेट्या आणि उसाचे मळे. इथल्या गुळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळावर ताज्या गुळाची चव घ्यावी आणि तो घरीही न्यावा. त्यापुढे चिन्नार अभयारण्याचे काटेरी, कोरडे रान आहे. एका दिवसात धुक्यातून उन्हात आणि शोलातून बाभळीसारख्या झुडपांत जाता येईल, असा टापू दक्षिण भारतात क्वचितच सापडतो.

गावातल्या गावात एक ठिकाण चुकवू नये : १९११ च्या सुमाराचे दगडी क्राइस्ट चर्च. १८९४ मध्ये एलेनर मे ही इंग्रज नवविवाहिता इथे पटकीने दगावली आणि याच टेकडीवर तिला पुरले. चर्च उभे राहिले ते त्यानंतर, त्यामुळे मृतांच्या नोंदवहीतले पहिले नाव चर्चहून जुने आहे.

कसे जावे, केव्हा जावे

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मंगला किंवा नेत्रावती एक्सप्रेसने अलुवा किंवा एर्नाकुलमला उतरावे. कोचीहून मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, चार-साडेचार तास. नेरियमंगलमचा १९३५ चा पूल ओलांडला की घाट सुरू होतो, आणि पावसाळ्यानंतर चीयप्पारा, वाळरा हे धबधबे रस्त्यालगतच कोसळत असतात. सप्टेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. ताहरच्या विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, एरविकुलम बंद असते. म्हणून तारखा ठरवण्याआधी चौकशी करावी.

मुक्कामाचा किमान एक पूर्ण दिवस मळ्यांबाहेरच्या रानासाठी राखावा आणि पदभ्रमण वनखात्याच्या वाटाड्याबरोबरच करावे. यातले अनेक वाटाडे मुथुवन असतात. त्यांचा रोजगार रान टिकण्यावर उभा आहे आणि रान टिकवण्याचे कामही तेच करतात. २०३० च्या कुरिंजीसाठी येणार असाल, तर गर्दी प्रचंड असेल हे धरून आधीच आरक्षण करा, पायवाट सोडू नका आणि फुलाला हात लावू नका. बी जमिनीवर पडले तरच २०४२ चा बहर येणार आहे.