आईची नखे

आपल्या भाषेत नख म्हणजे क्षुल्लक वस्तू. अगदी थोडे असले की आपण 'नखभर' म्हणतो. मीही नखांचा कधी विचार केला नव्हता. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत फीला हातभार लागावा म्हणून मी तालुक्याच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये काम शिकू लागले आणि नखांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

आपल्याला दिसते ते नख निर्जीव असते. केसांप्रमाणेच ते केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते. म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत असते ते त्याचे मूळ. ते बुडाशी कातडीखाली दडलेले असते. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्यांना पुढे ढकलतात. अंगठ्याच्या नखावर दिसणारी पांढरट चंद्रकोर ही त्या मुळाचीच पुढची कड. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते; पूर्ण नवे यायला सुमारे ६ महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने. लग्नात नखांवर चढलेली मेंदी हळूहळू टोकाकडे सरकते, ती याचमुळे.

मॅनिक्युअरचे काम तसे साधे. जुना रंग पुसावा, नखे कापून कानशीने एकाच दिशेने घासावीत, हात कोमट साबणपाण्यात थोडा वेळ ठेवावेत, नीट कोरडे करून तेल चोळावे. बुडाशी जी पातळ कातडी असते ती मात्र कापू नये. ती पाणी व जंतू आत जाऊ देत नाही. ती फाटली की नखुरडे होते, बोट ठणकते. एकाची हत्यारे स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्याला वापरू नयेत. पायाची नखे सरळ कापावीत. कोपरे खोल कोरले तर नख मांसात रुतते.

सरावासाठी मी आईचे हात मागितले. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने हात पदराखाली घेतले. म्हणाली, "ह्या हातांचं काय करतेस गं? राखेनं खाल्लेले हात हे."

हट्टाने मी हात ओढून घेतले, आणि थबकले. तिची नखे फिकट होती आणि मध्ये खोलगट, चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर तो तिथेच राहिला. पार्लरच्या बाईंनी सांगितले, "हे रंगाने झाकायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे."

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ असावे. आईचे ८ निघाले. शरीरात लोह कमी पडले की नखे अशी होऊ शकतात. आईला धाप लागायची, ते आम्ही वयावर ढकलत होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावले की गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू मात्र चांगले.

नखे आणखीही पुष्कळ सांगतात. जाड, पिवळे, भुगा होणारे नख बहुधा बुरशीचे असते. बोटांची टोके फुगून नखे गोल वळली तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असू शकतो. नखावर नवी काळी रेघ उमटली तरी डॉक्टरांना दाखवावी. उलट पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, ही समजूत बहुधा चुकीची आहे. मुळाला लागलेल्या बारीकशा माराने ते येतात.

दिवाळीनंतर आईची नखे बुडापासून सपाट येऊ लागली. धापही कमी झाली. मी आता तिला भांडी घासताना रबरी हातमोजे घालायला लावते. ती कुरकुरते, पण घालते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची फी अशाच हातांनी भरली आहे. आज घरी गेल्यावर ते हात एकदा उजेडात धरून पाहा, एवढीच विनंती.