ओळखीच्या पत्राला वेस उघडी

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा येथील एका शिक्षिकाबाईंनी मुलांनी घेतलेल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आमच्याकडे ई-मेलने पाठवल्या. तीन आठवडे आमचे उत्तर गेले नाही. शेवटी त्यांचाच फोन आला. "सर, मुलं रोज विचारतात, पत्र आलं का?" आम्हाला मुळात त्यांचे पत्रच मिळाले नव्हते! ते आमच्या संस्थेच्या वेशीवर अडले होते, आणि तिथे अडलेली पत्रे १४ दिवसांनी पुसली जातात.

ही वेस म्हणजे गेटवे सर्व्हर. बाहेरून येणारे प्रत्येक पत्र आधी तो तपासतो आणि गुण देतो. मात्र हे गुण संशयाचे. विषयाच्या जागी नुसते 'अर्जंट', मजकूर दोनच ओळींचा, एखादा संशयास्पद दुवा, अशा एकेका खुणेचे गुण साचत जातात. 'स्पॅमअसॅसिन' या प्रसिद्ध प्रणालीत ५ गुण झाले की पत्र स्पॅम ठरते; ही मर्यादा बदलताही येते. बाईंच्या पत्रात वावगे काही नव्हते, खुणा तेवढ्या जुळल्या.

अशा चुका कमी करण्यासाठी गेटवे स्वतःच एक श्वेतयादी तयार करतो. आपण ज्याला पत्र लिहितो त्याचे उत्तर आपल्याला हवे असणार, हे त्यामागचे साधे गृहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा पत्ता टिपून ठेवला जातो आणि तिकडून आलेल्या पत्राची गुणतपासणी होत नाही. व्हायरसची तपासणी मात्र व्हायलाच हवी.

स्पॅमअसॅसिनमधील जुनी रीत थोडी वेगळी होती. समजा, एखाद्याच्या आधीच्या पत्रांची सरासरी १ आहे आणि आजच्या पत्राला ७ गुण पडले. दोहोंच्या मधोमध ४ धरायचे, म्हणजे पत्र सुटले. पण सरासरी वाईट असेल तर चांगले पत्रही अडकायचे. तिला श्वेतयादी म्हणणे तसे चुकीचेच!

आता खरी गोम. आपण रजेवर जाताना 'मी ८ दिवस बाहेर आहे' असे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवतो. ते स्पॅम पाठवणाऱ्यालाही जाते. गेटवेला वाटते आपणच त्याला लिहिले, आणि भामटा यादीत! म्हणून अशी उत्तरे वगळावी लागतात. दुसरी अडचण खोट्या नावाची. ई-मेल वाहून नेण्याचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. पोस्टकार्डावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे. सहकारी एकमेकांना लिहितात म्हणून संस्थेचेच पत्ते यादीत गेले, तर संस्थेच्या नावाने आलेले बनावट पत्र थेट आत येते. यासाठी पत्र खरोखर त्या संस्थेच्या सर्व्हरवरून आले का, हे एसपीएफ किंवा डीकेआयएम या पद्धतींनी आधी पाहावे लागते.

अनोळखी पाठवणाऱ्यासाठी २००३ पासून करड्या यादीची युक्ती आहे. पहिल्या खेपेला 'आत्ता नाही, नंतर या' म्हणायचे. नियम पाळणारा सर्व्हर पुन्हा येतो. स्पॅमचे पुष्कळ प्रोग्राम तेवढे थांबत नसत. 'ओपनबीएसडी'च्या मूळ मांडणीत २५ मिनिटांनी परत आलेल्या सर्व्हरला ३६ दिवस श्वेतयादीत जागा मिळते. पण ही परीक्षा सर्व्हरची, पत्र लिहिणाऱ्याची नव्हे. बाईंचे पत्र ती पार करूनही पुढे गुणांत अडलेच असते.

तेव्हा आम्हीच बाईंना एक ओळीचे पत्र धाडले. त्याच संध्याकाळी त्यांचे उत्तर आले, सगळ्या नोंदींसह.