भाव उसळतो, भाव कोसळतो : कांद्याचे अर्थशास्त्र

मागणीची आणि पुरवठ्याची रेषा जेथे छेदतात तो बाजारभाव, एवढे सांगून अर्थशास्त्राचे पहिले प्रकरण बहुधा संपते. परंतु त्या रेषा किती उभ्या आणि किती आडव्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजाराइतके त्याचे उत्तर क्वचितच कोठे स्पष्ट दिसते. बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्यांच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, कोणी दोन कांदे उचलून मान दाबून पाहतो आणि क्विंटलमागे बोली लागते. मिनिटभरात ठरणारा तो भाव लागवडखर्च विचारीत नाही, तो त्या दिवशीची आवक आणि बाहेरगावची मागणी पाहतो.

भाव बदलल्यास मागणी किती प्रमाणात बदलते, याच्या मापाला ‘मागणीची लवचिकता’ म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890च्या आपल्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ केली. फोडणीतल्या कांद्याला खराखुरा पर्याय नसतो आणि घरखर्चात त्याचा वाटा लहान असतो, म्हणून तो महागला तरी खप थोडाच घटतो, स्वस्त झाला तरी कोणी दुप्पट खात नाही. अशी मागणी अलवचीक होय. समजा, 100 क्विंटल कांदा आहे आणि क्विंटलमागे 1,000 रुपये भाव आहे, सर्वत्र पीक दहा टक्क्यांनी वाढले आणि भाव चाळीस टक्क्यांनी उतरला, तर 110 क्विंटल विकूनही लाखाऐवजी 66,000 रुपयेच हाती येतात. भरघोस पीक शेतकऱ्याला मारक ठरते ते असे. हे कोडे जुने आहे: चार्ल्स डॅव्हनंट यांनी 1699 मध्ये इंग्लंडमधील धान्याविषयी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात, पीक एक-दशांशाने घटल्यास भाव तीन-दशांशाने आणि निम्म्याने घटल्यास साडेचार पटींची भर पडून वाढतो, असे दाखविले होते.

पुरवठ्याची अडचण काळाची आहे. आजचा भाव पाहून रोप टाकले तरी कांदा निघायला चार-पाच महिने लागतात, तोवर इतरांनीही तोच हिशेब केलेला असतो, आणि चढ्या भावामागून अतिरिक्त लागवड, तिच्यामागून मंदी, मंदीमागून टंचाई असे चक्र फिरते. आलेखावर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये त्याला तेच नाव दिले. उन्हाळ कांदा चाळीत साठवून हे चक्र थोडे सौम्य करता येते, पण पावसाळी दमटपणात सड आणि घट वाढत जाते. भाव फारच पडला की उभ्या पिकात नांगर फिरतो. शहरात त्याला केवळ संताप समजतात, पण त्यामागे चोख गणितही असते. बियाणे-खतांवरचा खर्च बुडीत झालेला असतो, उरतो तो काढणी, गोणी आणि भाड्याचा खर्च, आणि तोही भावातून निघत नसेल तर कांदा बाजारात नेण्याने तोटा वाढतो.

निर्यात ही मागणीचीच एक वाट आहे. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी ती बंद केली, तेव्हा परदेशी जाणारा माल देशातल्या अलवचीक मागणीच्या अंगावर आला आणि भाव उतरले. बंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनामागे 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. ग्राहकाची महिन्याकाठी थोडी बचत आणि उत्पादकाचे मोठे नुकसान असा हा सौदा होता. शिवाय उन्हाळ कांद्याची पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीतच होते, म्हणजे किती एकर लावायचे हे शेतकरी ठरवीत होते, नेमक्या त्याच दिवसांत बंदीची बातमी येऊन पडली.