दुष्काळ येतो तो शेवटच्या बांधीत

धानाला पाणी लागते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ते नेमके केव्हा लागते, हे मात्र ज्याने चिखलात उभे राहून रोवणी केली त्यालाच कळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात पऱ्हे टाकले जातात, रोवणी आटोपते, आणि पुष्कळदा सप्टेंबरात पाऊस दडी मारतो. त्याच वेळी धान निसवत असते. त्या थोड्या दिवसांत ओल तुटली तर लोंबी पोटरीतच अडकते, दाणा भरत नाही. वर्षभराची मेहनत पोचट लोंब्यांत जाते.

पण कोणाची? मामा तलावाच्या पायथ्याशी ज्याची बांधी आहे, तो बहुधा निभावून नेतो. मरतो तो पाटाच्या शेवटच्या टोकाचा आणि उंचवट्यावरच्या हलक्या जमिनीचा धनी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. त्या लढ्यानंतरही आपल्या माणसाच्या वाट्याला जमीन आली ती बहुतेक अशीच, पाण्यापासून दूरची.

विज्ञानानेही या बांधीकडे फार उशिरा पाहिले. अनेक वर्षे धानाची वाणे भरपूर पाण्याच्या, भरपूर खताच्या शेतात निवडली गेली. आयआर-६४, स्वर्णा ही वाणे पाणी असेल तेथे कोठार भरतात, पण ऐन निसवणीत ताण पडला की कोसळतात. दुष्काळातल्या उत्पन्नावरून वाण निवडता येणार नाही, ते फार बेभरवशाचे असते, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. म्हणून ते मुळांची लांबी, पानांचे गुंडाळणे मोजत बसले. पुढे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आणि भारतीय केंद्रांनी रीत बदलली. निसवणीच्या वेळी मुद्दाम शेत कोरडे केले आणि त्या कोरड्यातही दाणा देणारी, पाऊस चांगला असला तरी मागे न पडणारी रोपे निवडली. हजारीबागच्या केंद्रातून २०१० च्या सुमारास आलेले ‘सहभागी धान’ हे त्याचे फळ. ते सुमारे १०५ दिवसांत निघते. आयआर-६४ मध्ये दुष्काळात तग धरणारे जनुकीय भाग संकराने आणून २०१४ साली ‘डीआरआर धान ४२’ तयार झाले.

यातला धडा शेतीपुरता नाही. जो सर्वांत अडचणीत आहे त्याच्या शेतात पारख केली, तेव्हा उत्तर सापडले.

आणि पारख करणारा माणूस पदवीधरच असावा लागतो काय? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे आपले दादाजी खोब्रागडे शाळेत फारसे गेले नव्हते. त्यांनी १९८३ साली ‘पटेल ३’ धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि ‘एचएमटी’ हे बारीक धान दिले. ते वाण दुष्काळासाठी नव्हते. पण वाण निवडणारी नजर दलित शेतकऱ्याकडे असते, हे त्यांनी सिद्ध केले. लाखो एकरांवर त्यांचे धान डोलले आणि ३ जून २०१८ रोजी ते गरिबीतच गेले.

मात्र नुसत्या बियाण्याने दुष्काळ हटत नाही. पाऊस अजिबात नसेल तर कोणतेही वाण वाळतेच. उंच बांधीत हलके धान, मजबूत धुरे, शेतात बोडी आणि निसवणीला एक संरक्षक पाणी, एवढे जमले तर पीक वाचते. वरच्या शेतकऱ्याने बांधी सतत तुडुंब न ठेवता आळीपाळीने पाणी दिले, तर टोकापर्यंत पाट वाहू शकतो. पण तो ते आपण होऊन करील काय? पाणीवाटप ठरवणाऱ्या बैठकीत टोकाचा माणूस बसला पाहिजे. रोवणीऐवजी थेट पेरणी केली तर पाणी वाचते, हे खरे. पण तण वाढते, निंदणाचा भार बायांवर पडतो आणि भूमिहीन बायांची रोवणीची मजुरी बुडते. तिचा विचार कोणत्या योजनेत आहे? बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून पीक त्याचे बुडते आणि भरपाई अनेकदा मालकाच्या खात्यात जाते.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री असताना नद्यांच्या पाण्याचे नियोजनही त्यांनी हाती घेतले. हक्क आणि नियोजन या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. आपणच त्या वेगळ्या केल्या. शेती हा कार्यकर्त्यांच्या भाषणाचा विषयच राहिला नाही.

येत्या खरिपाआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न ग्रामसभेत मांडावेत. दुष्काळ सोसणारे बियाणे लहान शेतकऱ्याला आणि बटईदाराला मिळणार काय? तलावाचे पाणी शेवटच्या बांधीत कोणत्या तारखेला पोचणार? आणि रोवणी गेली तर मजूर बाईला काम कोणते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. सप्टेंबरात पाऊस थांबला की ते इतिवृत्त घेऊनच तहसील गाठता येईल.